गाडीची खांदेमळणी

कुंभार पिंपळगाव,
१४ जुलै

लालचंद शेट, राम राम.

तू चातुर्मासात मोबाईल सोडलास हे मला तुझ्या नमनकडून कळलं. सकाळपासून फोन लावत होतो. शेवटी पोरानं उचलला आणि म्हणाला, "काका, पप्पांनी महाराजसाहेबांसमोर चार महिन्यांचं पच्चक्खाण घेतलंय. फोन बिलकुल बंद." लोक कांदा सोडतात, बटाटा सोडतात. तू ते आधीपासूनच खात नाहीस, तेव्हा सोडायला दुसरं काही उरलं नसेल. नमनच्या फोनवर बोल म्हटलं तर तेही तुझ्या व्रतात बसत नाही. म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदा पत्र लिहितोय. शुद्धलेखन तपासू नकोस.

गाडी पोचली. माझी बैलगाडी तुझ्या नमनच्या ढाब्यापुढं शोभेला, आणि तुझी ती गोल्फवाल्या साहेबांची बॅटरीची गाडी माझ्या दारात, अशी अदलाबदल ठरली ती झाली. बैल मागच्या वर्षीच विकले, त्यामुळे बैलगाडीचं मला दुःख नाही. तक्रार आहे ती तुझ्या गाडीच्या रंगाची. तिला रंगच नाही. पांढरी म्हणावी तर नाही, पिवळी म्हणावी तर नाही. काळ्या पट्ट्या होत्या म्हणतोस, त्या राखेसारख्या झाल्यात. टेम्पोतून उतरवून घरापर्यंत चालवत आणली, तर गल्लीतल्या बाया कचऱ्याच्या बादल्या घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं ग्रामपंचायतीची घंटागाडी. वंदनानं तर मागच्या सीटवर मेथीच्या काड्या ओतल्याही. तिला वाईट वाटू नये म्हणून मी त्या घरी घेऊन आलो.

द्वारकानं दारातूनच पाहिलं. म्हणाली, "मी काय कचरा हाये का, यात बसायला?" आणि आत गेली.

तुला ठाऊक आहे मी ही गाडी कशासाठी घेतली. मागच्या दिवाळीत ती ओट्यावरून पडली, डाव्या मांडीत रॉड टाकला, तेव्हापासून ती फाटकाबाहेर गेलेली नाही. जीपची पायरी चढवत नाही, मोटारसायकलवर बसवत नाही, आणि मळा काही दारात नाही. लग्न होऊन आल्यापासून पोळ्याचा नैवेद्य मळ्यातल्या विहिरीवर तीच ठेवते. यंदा म्हणते, "बैलच न्हाईत तं पोळा कशाचा?" ती असं बोलायला लागली की मला भीती वाटते. बाई बसली ती बसलीच, असं व्हायला नको. पोळ्याला तिला मळ्यात न्यायचं, एवढं एकच मला करायचंय.

ट्रॅक्टरचा निळा ऑइलपेंट आणून ठेवलाय. तुझं उत्तर आलं की मारतो.

तुझा,
मच्छिंद्र


जालना,
२० जुलै

मच्छिंद्र, जय जिनेंद्र.

रंग मारू नकोस. पत्र पुढं वाचायच्या आधी डबा दुकानदाराला परत देऊन ये.

ती बॉडी पत्र्याची नाही, प्लास्टिकची आहे. ऑइलपेंट त्याला धरत नाही. येत्या उन्हाळ्यात पापुद्रे निघतील आणि मग खरोखर कचऱ्यात टाकावी लागेल. तिचा रंग मेलेला नाही, आत आहे. वरचा थर उन्हानं जळालाय, तेवढाच काढायचा. आधी शाम्पूच्या पाण्यानं धू. कपड्याची पावडर नको. मग रबिंग कंपाउंड आण, गाड्यांना पॉलिश करणारा कोणीही देईल. जुन्या मऊ धोतराच्या कपड्यावर थोडं घ्यायचं आणि लहान लहान गोल फिरवत घासायचं. एका दिवशी हातभर जागा. जोर लावायचा नाही, घाई करायची नाही. ही गोष्ट तुला सांगतोय म्हणून दोनदा सांगतो: जोर लावायचा नाही. रंग वर आला की वॅक्स लाव.

गाडी संभाजीनगरकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या लिलावातली आहे, हे तुला सांगितलंच आहे. मोठे साहेब लोक त्यात बसून खेळायला जायचे. चांगली वापरलेली आहे.

तुझी बैलगाडी ढाब्यापुढं उभी आहे. नमननं तिला कंदील बांधलेत. लोक तिच्यात बसून फोटो काढतात आणि मग आत येऊन पनीर मागवतात. त्यानं जू जमिनीला टेकवलं होतं. मी दगड लावून वर घेतलं.

वहिनींना माझा नमस्कार सांग. बसतील त्या. रंग येऊ दे.

लालचंद


कुंभार पिंपळगाव,
३१ जुलै

शेट,

तुझं पत्र आणून देताना तातेराव पोस्टमननं आधी माझा हात धरला. हातानं लिहिलेला लिफाफा, म्हणजे कोणीतरी गेलं असंच त्याला वाटलं. तुझं नाव वाचून म्हणाला, "वारले का शेट?" मी म्हटलं, नाही, फोन सोडलाय. तो म्हणाला, "मंग तेच झालं की."

डबा परत केला. दुकानदारानं घेतला नाही, म्हणून तो निळा आता विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या दाराला मारलाय. शाम्पूनं धुतलं. त्याआधी एका कोपऱ्यावर रॉकेल चोळून पाहिलं होतं, त्याबद्दल तू पत्रात काही लिहिलं नव्हतंस. तो कोपरा आता चिकटतो. त्याला एक माशी चिकटली आहे. तिच्याबद्दल पुढच्या पत्रात लिही.

आता दोन शंका. धुताना मागचं सीट उचललं, तर खालच्या पेटीत ज्वारी उगवून आलेली. चांगली बोटभर, पिवळी पडलेली. शंभर दाणे तरी असतील. साहेब लोक गोल्फ खेळायला जाताना ज्वारी घेऊन जातात का? दुसरी शंका, स्टिअरिंगच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक आहे. पुसट आहे, पण आहे.

आणखी एक. गाडीची उजवी बाजू साफ गेली आहे आणि डावी बरी आहे. म्हणजे ही गाडी बरीच वर्षं एकाच जागी, एकच अंग उन्हाला देऊन उभी होती. चालून नाही, उभी राहून म्हातारी झालीये. तू चांगली वापरलेली म्हणतोस.

द्वारकाला काल म्हटलं, बसून तर बघ, मी चालवतो. ती म्हणाली, "तुम्ही चालवताय म्हणूनच." तिला रंगाची लाज वाटते, दुसरं काही नाही. हे खरं की परवा मी चालवून बघताना गाडी शेजारच्या मिथुनच्या कडब्याच्या गंजीत गेली. पण हळू गेली. गंजीला काही झालं नाही, मिथुनला थोडं झालं.

कंपाउंड आणलंय. उजव्या अंगाला रुपयाएवढी जागा घासली. खाली हिरवा निघाला.

मच्छिंद्र


जालना,
६ ऑगस्ट

मच्छिंद्र,

हिरवा कसा आहे ते लिही. पोपटी की त्याहून गडद? कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यासारखा आहे का? नीट उजेडात पाहून लिही.

ज्वारीचं मला माहीत नाही. मी गोल्फ कधी खेळलो नाही, त्यांच्यात काय रीत आहे कुणाला ठाऊक. स्वस्तिकाचं म्हणशील, तर हल्ली लोक नव्या वस्तूची पूजा करतातच. साहेब झाला म्हणून काय झालं. पण ते स्वस्तिक घासू नकोस. प्लास्टिक तिथं नाजूक असतं.

चिकटलेल्या कोपऱ्याला आता हात लावू नकोस, आपोआप वाळेल. माशीचं मी काही करू शकत नाही. आमच्या धर्मात तिची क्षमा मागता येईल, ती तू माग.

काळ्या पट्ट्यांचं सांगतो. त्या घासायच्या नाहीत. त्यांना लावायचं वेगळं ड्रेसिंग मिळतं, ते फडक्यानं पातळ पुसायचं. तेल-तूप लावशील तर दोन दिवस चमकतील आणि मग गावाची सगळी धूळ त्यावर बसेल. तू लावशील म्हणून आधीच सांगून ठेवतो. सीटला फक्त ओलं फडकं. बॅटरीचं पाणी तपास.

मी रोज संध्याकाळी ढाब्यावर जाऊन तुझ्या बैलगाडीच्या साटीवर बसतो. गाडी बरी आहे. नमन म्हणतो, "पप्पा, गिऱ्हाईक फोटो काढायचं थांबतं." थांबू दे.

हिरव्याचं लिही. जल्दी लिही.

लालचंद


कुंभार पिंपळगाव,
१४ ऑगस्ट

शेट,

हरभऱ्याच्या पाल्यासारखाच आहे. तुला इथं बसून दिसला असता तरी इतका बराबर सांगता आला नसता. लिलावात तर तू गाडी फिकीच घेतली असशील ना? असो. व्यापाऱ्याची नजर.

तुझं म्हणणं पटलं. जोर लावला नाही. रोज सकाळी दूध घालून आलो की हातभर जागा घासतो. धोतर बाबांचं होतं, ते सगळं हिरवं झालं. उजवी बाजू पुरी व्हायला आठवडा लागला. मला वाटलं होतं चिडचिड होईल, पण तसं काही झालं नाही. आधी नुसती पांढरी भुकटी निघते, वाटतं आपण वेडे आहोत, आणि मग एकदम आतून रंग वर येतो. मी घासता घासता एकटाच हसलो. तातेराव बघत होता. त्याला आता माझ्याबद्दलही शंका आहे.

परवा एक झालं. द्वारका काठी टेकत दारापर्यंत आली. बराच वेळ गाडीकडं बघत उभी राहिली. मी म्हटलं, आता तर घंटागाडी नाही ना दिसत? तिनं विचारलं, "कुठून आणली म्हणला होतात?" मी रिसॉर्ट सांगितलं. ती म्हणाली, "अस्सं." आणि आत गेली. रात्री जेवताना एकदम म्हणाली, "पोळा कधी हाये?" जिला सगळे सण तोंडपाठ, ती मला विचारते. मी बावीस तारीख सांगितली.

मी आता काळ्या पट्ट्यांना लागतो. ते ड्रेसिंग इथं मिळत नाही, मंठ्याला चौकशी केलीये. तुझं पर्युषण लागेल, तेव्हा मधे उत्तर आलं नाही तर समजून घेईन. ती बसेल का रे?

मच्छिंद्र


कुंभार पिंपळगाव,
२४ ऑगस्ट

लालचंद,

तुझं पत्र नाही, तरी लिहितो. सगळं सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, हे तू लहानपणी आमच्या गोठ्यात पाहिलेलं आहे. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं त्यांच्या कानात म्हणायचं. आमच्याकडं ते द्वारकाच म्हणायची. यंदा गोठा रिकामा. तरी तिनं सवयीनं वाटीत तूप-हळद कालवलीच. मग वाटी हातात धरून बसली. "केली तं आता टाकू कुठं?" तिचा आवाज असा आला की मला ते बघवेना. मी वाटी घेतली, बाहेर गेलो आणि गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवरच्या काळ्या पट्ट्यांना चोळली. मंठ्याचं ड्रेसिंग आलंच नव्हतं. वर आवतणही दिलं. हळू दिलं, पण दिलं. तू तूप लावू नकोस म्हणाला होतास, ते मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी धुतली, आरशाला बैलांचे गोंडे बांधले, सीटवर झूल टाकली. द्वारका पुरणपोळीचं ताट घेऊन बाहेर आली. नवं लुगडं नेसलेली. मी आधीच स्टिअरिंगवर बसलो होतो. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सरका."

"कुठं?"

"तिकडं. गाडी मी चालवणार हाये."

मी म्हटलं, तुला कुठं येते? तर काय म्हणाली ऐक. "ही गाडी म्या चालवलेली हाये. नमनच्या लग्नात. त्याच्या आईनं, राजकुमारी भाभीनं शिकवलं. उजव्या पायाचंच काम हाये, डाव्याला काही करायचं न्हाई. तुम्ही तवा जिलबीच्या पंगतीत होतात." म्हणे तुझ्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात भाभी हीच गाडी फिरवायच्या, घरापासून कबुतरांच्या ओट्यापर्यंत. दाणे टाकायला. द्वारकाला बाजूच्या सीटवर बसवून दोन चकरा मारल्या, तिसऱ्या चकरेला हिच्या हातात दिली. फिकी होती तोवर हिनं ओळखली नाही. हिरवा वर आला तेव्हा ओळखली. आणि इतके दिवस ती रंगासाठी नाही म्हणत नव्हती. मी चालवणार म्हणून नाही म्हणत होती. "पोत्यावानी बाजूला बसून मळ्यात जाऊ का मी?"

मी सरकलो.

ती थेट मळ्यात गेली नाही. आधी वेशीत गेली. तोरणाखाली बैल ओळीनं उभे होते, त्यांच्या मधे नेऊन हिनं गाडी लावली. मिथुन म्हणाला, "काकू, पोळा बैलाचा असतो." ही म्हणाली, "तुझ्या ट्रॅक्टरला हार घातलास, तवा मी इचारलं का?" तेवढ्यात शेजारच्या बैलानं गाडीच्या खांद्याचं तूप चाटलं. पुरं चाटून काढलं. धूळ बसायचा प्रश्न मिटला, आणि ती पट्टी आता दुसऱ्या पट्टीपेक्षा काळीभोर दिसते. हा उपाय तुझ्या यादीत नव्हता.

मळ्यात पोचल्यावर ती विहिरीपाशी काठी टेकत गेली, नैवेद्य ठेवला, आणि कडेला बसून रडली. खूप रडली. मग मीही रडलो. आनंदानंच, पण रडलो.

आता तुझं. ज्वारी भाभींची. स्वस्तिक भाभींचं. रिसॉर्ट कुठंच नाही. माझ्याशी खोटं का बोललास, ते मला लिही.

मच्छिंद्र


जालना,
३० ऑगस्ट

मच्छिंद्र, मिच्छामी दुक्कडम्.

दरवर्षी संवत्सरीला हे शब्द सगळ्यांना छापील पाठवतो. यंदा तुझ्यासाठी हातानं लिहिले. वर्षभरात माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल, तर क्षमा कर. असं सगळ्यांना म्हणायचं असतं. तुला खरोखर म्हणतोय.

गाडी राजकुमारीची आहे. रंग तिनंच निवडला होता. ती गेली तेव्हापासून गाडी जिनिंगच्या भिंतीला उभी होती. तीन उन्हाळे. नमन म्हणाला, भंगारात देऊ, जागा अडते. तो वाईट पोरगा नाही, जागा खरंच अडत होती. मी दोनदा फडकं घेऊन पुसायला गेलो. दोन्ही वेळा तसाच परत आलो. मग तू म्हणालास, द्वारका वहिनींसाठी काही मिळतं का बघ.

तिची आहे म्हणून सांगितलं असतं, तर तू घेतली नसतीस. घेतली असतीस तर ओट्यावर ठेवून हार घातला असतास, चालवली नसतीस. मला ती चाललेली हवी होती. म्हणून रिसॉर्ट काढलं. गोल्फबद्दल एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं.

तू हरभऱ्याच्या पाल्यासारखा लिहिलंस, ते पत्र मी ढाब्यावर तुझ्या गाडीत बसून वाचलं. नंतर बराच वेळ उठवलं नाही. नमननं विचारलं, "पप्पा, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी आहे. खोटं नव्हतं.

तू मागं एकदा जेवायला बोलावलं होतंस, मी काम आहे म्हणालो. काम नव्हतं. राजकुमारी गेल्यापासून कुणाच्या घरी एकट्यानं जेवायला बसवत नाही. घास फिरतो. म्हणून बोलावणं टाळतो. फोन सोडण्यातही पुण्य थोडं आणि ही सोय जास्त होती, हे महाराजसाहेबांना सांगितलेलं नाही.

वहिनींना सांग, चार्जिंग रात्रभर नको. आणि उतारावर ब्रेक आधीच धरायचा.

लालचंद


कुंभार पिंपळगाव,
२७ ऑक्टोबर

लालचंदभाऊ यांना द्वारकाबाईचा नमस्कार.

हे म्हणाले मी लिहितो, मी म्हणलं तुम्ही र्‍हाऊ द्या. मी सातवीपर्यंत शिकलेली आहे. अक्षर लागलं नाही तर नमनला वाचायला सांगा.

गाडी बरी आहे. मी रोज मळ्यात जाते. परवा बाजारातही नेली. आमचे हे बाजूला बसतात आणि सारखे "हळू, हळू" करतात. त्यांना सांगितलं, कडब्याच्या गंजीत कोण गेलं होतं? मग दांडी धरून बसतात. ज्वारीचे मोड फेकले नाहीत. विहिरीजवळ लावले होते, त्यातले चार धरले. आता कणसावर येतील. पाखरांसाठी ठेवणार आहे, काढणार नाही.

तुमचं व्रत पाच तारखेला सुटतं असं नमननं सांगितलं. सुटल्यावर तुम्ही फोन करून काहीतरी काम सांगाल, म्हणून मी आधीच लिहून राह्यले. सहा तारखेला तुम्ही आमच्याकडं जेवायला यायचं. जमिनीखालचं काही घालणार नाही, वांगं पण नाही. नवं पातेलं काढते. दिवस बुडायच्या आत जेवण होईल. घास फिरला तर फिरू द्या, आम्ही दोघं आहोत, थांबू.

बसनं या. फाट्यावर उतरा. तिथं मी सोता गाडी घेऊन येते. यांना घरी ठेवणार आहे, स्वयंपाकावर लक्ष ठेवायला.

एक सांगायचं होतं. नमनच्या लग्नात भाभीनं मला गाडीत घेतलं, तवा बाजूच्या सीटवर थाप मारून हसत म्हणाल्या होत्या, "इथं शेटला बस म्हणते, तं त्यांना कधी येळच न्हाई." रागानं नव्हत्या म्हणाल्या. फाट्यावर मागच्या सीटवर बसू नका. बाजूच्या सीटवर बसा. मी कबुतराच्या ओट्यापर्यंत जेवढ्या हळू त्या चालवायच्या, तेवढ्याच हळू चालवीन.

तवा आज आवतण घ्या, सहा तारखेला जेवायला या.

द्वारका